नावं ठेवून घेतलेली पिकअप

माझ्या सासऱ्यांचा एक नियम आहे. जी वस्तू घ्यायची, तिचं तोंडावर कौतुक करायचं नाही. बैल असो, बियाणं असो, नाहीतर मोताळ्याच्या बाजारातली वांगी असोत, मनात भरली की आधी नाक मुरडायचं. त्यांची उमर बैलबाजारात गेली. स्वतःच्या जोड्या तर त्यांनी घेतल्याच, गावातल्या निम्म्या लोकांनाही त्यांनीच पारखून दिल्या. शिंगापासून खुरापर्यंत दोष काढत जायचं आणि मालक रडकुंडीला आला की दावं हातात घ्यायचं, हा त्यांचा हातखंडा. आता आमच्या दारात बैल नाहीत, पण सवय गेलेली नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या स्वयंपाकालाही ते नावं ठेवत आले आहेत. पहिल्या वर्षी मी चुलीपाशी बसून रडायचे. मग लक्षात आलं की खरोखर बिघडलेल्या भाजीबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत, मुकाट जेवून उठतात. तेव्हापासून त्यांनी नावं ठेवली की मी आणखी एक भाकर वाढते.

मी शाळेत शिकवते. आमचं गाव धाडच्या अंगाला, आणि शाळा बरीच वर्षं शेजारच्याच गावात होती. स्कूटर काढली की पोहोचले. मग बदली झाली ती थेट मोताळ्याच्या पलीकडच्या एका खेड्यात. म्हणजे घरून बुलढाणा, तिथून दुसरी एसटी, घाट उतरून मोताळा आणि पुढे मिळेल ती काळीपिवळी. एक गाडी चुकली की पुढचं सगळं चुकायचं. पहिले काही दिवस मी अंधारात निघायचे आणि अंधारात परत यायचे. लेक तिसरीत होती. ती सकाळी झोपलेली दिसायची आणि आले की झोपायला निघालेली.

ज्याला त्याला माझ्यासाठी एकच उपाय सुचत होता, मोताळ्यात खोली करा. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. सांगणारे चांगल्या मनाने सांगत होते, पण ऐकताना माझं डोकं फिरायचं. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. लेकीला सोबत न्यावं तर तिचा आजा आणि बाप सुटणार, इथे ठेवावं तर मी. घर म्हणजे काय भाकरी आहे का, अर्धी तुला अर्धी मला करायला? मी नवऱ्याला सांगितलं, "खोली मी करत नाही. गाडी पाहा."

त्यांनाही गाडी हवीच होती, फक्त वेगळ्या कामासाठी. त्यांची मिरचीच्या रोपांची नर्सरी आहे, शेडनेटखाली. उन्हाळ्यात नर्सरीजवळची विहीर तळाला जाते आणि दुसऱ्या वावरातल्या विहिरीचं पाणी आणावं लागतं. त्यासाठी दोन चाकांच्या ट्रॉलीवर बसवलेली टाकी आहे, पण ओढायला आपलं काही नाही. दरवेळी कुणाच्या तरी ट्रॅक्टरची मनधरणी करायची, आणि ट्रॅक्टरवाला त्याच्या सवडीने येईपर्यंत रोपांनी माना टाकायच्या. म्हणून आमचं ठरलं, जुनी पिकअप घ्यायची. दिवसा ती माझी, संध्याकाळी आणि सुट्टीला ट्रॉलीची. टाकी पिकअपच्या डाल्यातच, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यातच ठेवली तर ट्रॉली कशाला, असं एकाने विचारलं. मी म्हटलं, "मंग सकाळी मी टाकी घिऊन शाळेत जाऊ काय?"

मला गाडी चालवता येते ती माहेरापासून. भावाची जीप होती, तीवर शिकले, परवानाही तेव्हाच काढला. सासरी मोटारसायकलपलीकडे काही नव्हतं, त्यामुळे ती विद्या इतकी वर्षं पेटीत पडून होती.

ठरलं खरं, पण गाडी निवडताना आम्हा नवराबायकोचं जमेना. त्यांना दणकट गाडी हवी होती, मागे स्प्रिंगचे जादा पाटे टाकलेली, कितीही ओढलं तरी न वाकणारी. अशी पिकअप भरलेली असेल तर चांगली चालते, पण रिकामी असली की आपलं हाड अन् हाड मोजून घेते. आणि मी तर रोज रिकामीच नेणार होते. डाल्यात माझा जेवणाचा डबा आणि फार तर वह्यांचा गठ्ठा.

"टाकी महिन्यातून कितीक खेपा ओढसान?" मी विचारलं.

"लागन तशी."

"अन् मी?"

ते हसले. भांडणात मधेच हसून टाकायची त्यांना खोड आहे, त्यामुळे आमचं भांडण कधी नीट पिकतच नाही. शेवटी मधला मार्ग निघाला. पाटे कंपनीचे असावेत, ट्रॉलीचा हूक चासीला, गाडीच्या सांगाड्यालाच धरून बसवलेला असावा आणि ब्रेक माझ्या पायाला पटले पाहिजेत. बाकी रंग कुठलाही चालेल.

पहिली गाडी मोताळ्यात पाहिली. इतकी चकचकीत की आरशासारखं तोंड दिसावं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे मी मुलांना फळ्यावर लिहून देते. तरी मीच आधी भुलले. नवऱ्याने खाली वाकून पाहिलं तर हूक नुसता बंपरला वेल्डिंग केलेला होता. टाकी भरून चढाला लागलो असतो तर बंपर टाकीबरोबर मागे राहिला असता आणि आम्ही पुढे. दुसरी बुलढाण्यात, जुन्या गाड्या विकणाऱ्या एका आडतीवर. तिथला माणूस सगळं माझ्या नवऱ्यालाच समजावत होता. मला म्हणाला, "वहिनी, तुमी सावलीत बसा न." मी गाडीत जाऊन बसले आणि चालू केली. इतका काळा धूर निघाला की सावलीत बसलेले लोक खोकत बाहेर आले. सासरे दोन्ही वेळा सोबत होते आणि दोन्ही वेळा अगदी गप्प होते. त्यावरूनच मी काय ते समजले.

तिसरी गाडी साखरखेर्ड्याकडची. मालक मंडपवाले. वय झालं म्हणून धंदा मुलांकडे दिलेला, आणि मुलांनी मोठा ट्रक घेतलेला. पिकअपवर कधी खुर्च्या आणि पडद्यांपलीकडे ओझं पडलं नव्हतं, आणि मागे जनरेटरची ट्रॉली ओढायची म्हणून हूक पक्का बसवून घेतला होता. ऐकूनच मला वाटलं, ही माझी गाडी. लेकीला शेजारच्या चुलत जावेकडे ठेवून एका रविवारी आम्ही तिघं निघालो. वाटेत सासऱ्यांनी दम भरला, "तिथं कोनी तोंड उघडू नोका. मी बोलतो."

गाडी कडुलिंबाखाली उभी होती. पांढरी, एका कुशीला खरचटलेली, पण काचा पुसलेल्या आणि सीटवर घरी शिवलेली खोळ. मी दार उघडून बसले. क्लच लोण्यासारखा नाही, पण माझ्या पायाचं ऐकत होता. ब्रेक दाबला तर मनासारखा. हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मला हसू आलं. अगदी दात दिसतील असं.

सासऱ्यांनी ते पाहिलं. खिडकीपाशी येऊन हळूच म्हणाले, "हसली न बाई तू? आता मले दुप्पट खोड्या काढा लागतीन."

आणि त्यांनी त्या काढल्या. हॉर्न घोगरा. दिवे चकणे. दार लावताना डबा आपटल्यासारखा आवाज. टायर झिजलेले, नव्हते तरीही. इंजिनाला दमा. पुढून एकदा, मागून एकदा अशी त्यांनी गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, आणि प्रत्येक फेरीला नवा दोष. नवरा मान हलवत साथ देत होता. मंडपवाले बाबा हात मागे बांधून ऐकत होते. शांत माणूस. त्यांच्या धंद्यात एक दर सांगायचा आणि तेवढाच घ्यायचा, घासाघीस ठाऊक नाही. शेवटी सासऱ्यांनी ठेवणीतला वार काढला.

"माही सून रोज घाटानं जानार हाये. अशा गाडीत मी तिले बसवू काय? ही त घाटात बसकन मारीन!"

मंडपवाल्यांचा चेहरा पडला. ते घरात गेले, बायकोशी काही बोलले, परत आले आणि म्हणाले, "गाडी मी देत नाही तुमाले."

"देत नाही म्हंजे?"

"तुमी म्हनता तशी असन त तुमच्या सुनेच्या जिवाशी काऊन खेळू मी? उद्या घाटात काही झालं त मले झोप येईन काय? चहा घ्या अन् सुखानं जा."

सासऱ्यांना वाटलं, गडी तयारीचा आहे. त्यांनी मुलाकडे पाहून डोळा मिचकावला. बैलबाजारात याचंही उत्तर ठरलेलं असतं. सौदा अडला की उठायचं, धोतर झटकायचं आणि रमतगमत चालायला लागायचं. मालक मागून हाक मारतोच. आम्ही रमतगमत फाटकापर्यंत आलो. हाक नाही. सासरे चपलेतला नसलेला खडा काढायला थांबले. तरी हाक नाही. मागे वळून पाहिलं तर बाबा गाडीवर ताडपत्री टाकत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रस्त्याकडेला चहाची टपरी होती, तिथे बसलो. नवरा म्हणाला, "मिळन दुसरी." सासरे म्हणाले, "थांब बे, येईन तो बलवाले." मी रस्त्याकडे पाहत होते. कुणी येत नव्हतं. दुसरी मिळेल, पण कधी? पुढच्या सोमवारी पुन्हा ती अंधारातली एसटी, आणि महिन्याभराने सगळ्यांचं म्हणणं मान्य करून मोताळ्यातल्या कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर एक खोली. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. सासऱ्यांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला.

"मामाजी, मले खोली नाही करायची. मले ती गाडी पाह्यजे. तुमचा नियम बैलाले ठेवा, मले घरी येऊ द्या."

टपरीवाल्याने गाळणं हातात धरून माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याने कपात तोंड घातलं. सासरे उरलेला चहा बशीत ओतून सावकाश प्याले, उठले आणि आलो त्याच वाटेने चालू लागले. आम्ही मागे.

मंडपवाले ओट्यावर बसलेले होते. सासरे त्यांच्यासमोर उभे राहिले आणि त्यांची जणू दातखिळी बसली. आयुष्यभर ज्या जिभेने दोष काढले, तिला आता गुण सांगायचे होते. एकदा खाकरले. एकदा टोपी काढून घातली. मग म्हणाले, "गाडी वाईट नाही."

"मघाशी त इंजिनाले दमा होता," मंडपवाले म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "तुमी तवा खरं बोलले का आता बोलून राह्यले?"

"आता. बाप्पा, मी बैलातला मानूस. गाडीतलं मले काही समजत नाही. ही माही सून स्टेरिंगवर बसली अन् हसली, तवाच मले समजलं का गाडी चांगली हाये. तिले समजते त्यातलं. म्हनून त नावं ठेवली मी."

मंडपवाल्यांना हे तर्कट पटायला जरा वेळ लागला. आतून त्यांची बायको म्हणाली, "अवो, चालवून पाहू द्या न तिले. जनरेटरची ट्रॉली लावा मांगं. काय ते डोळ्यानं दिसन."

ट्रॉली लावली. बाबा माझ्या शेजारी बसले, सासरे आणि नवरा डाल्यात उभे राहिले. साखरखेर्ड्याच्या रस्त्याला मी गाडी काढली. इतक्या वर्षांनी चार चाकं हातात आली होती, आणि मागे आणखी दोन. पहिल्या वळणाला छाती धडधडली, दुसऱ्याला कमी, आणि मग मला फार बरं वाटलं. सोयाबीनची कापणी झालेली होती, दोन्हीकडे रान मोकळं. मागून जनरेटर खडखडत होता. चढाला गाडीने कुरकुर केली नाही, उताराला ब्रेकने ट्रॉलीसकट तिला धरून ठेवलं. बाबा निवांत समोर पाहत होते. मला वाटलं, जिंकलं.

मग गाडी वळवायची वेळ आली. ट्रॉली लावून रिव्हर्स मी जन्मात घेतला नव्हता. इकडे स्टिअरिंग फिरवावं तर ती तिकडे पळते, तिला आणायला जावं तर गाडी आडवी होते. पहिल्या वेळी ट्रॉली बांधावर चढली. दुसऱ्या वेळी गाडी आणि ट्रॉली एकमेकींकडे तोंड करून भांडायला उभ्या राहिल्यासारख्या दिसायला लागल्या. नवरा डाल्यातून ओरडला, "डावं, डावं! अवो, उजवं!" मी खिडकीतून सांगितलं, "तुमी गप्प बसा."

बाबांनी गाडी बंद करायला सांगितली. उतरले. मीही उतरले. ते माझ्याशी नाही, सासऱ्यांशी बोलले, पण अगदी मायेने. "दादा, राग नोका मानू. रोजचा घाट हाये. बाईमानूस एकटी. माहं मन होत नाही. त्यापरीस तिकडंच एखादी खोली करून द्या न. पोरीचा जीव त नाही आंबनार."

म्हणजे पुन्हा खोलीच. मी तोंड उघडणार होते, पण सासरे डाल्यातून खाली उतरले होते. या वयात, चाकावर पाय ठेवून, कुणाचा हात न धरता.

"जमन तिले," ते म्हणाले. "आज नाही जमलं त चार दिसानं जमन. माह्या घरात तिले न जमलेलं काम मी तरी पाह्यलं नाही. बुढी गेली तवा घरात चूल कोन पेटवीन याचा पत्ता नव्हता. ही नवी नवरी होती. हिनं घर उभं केलं. मी हिच्या भाजीले रोज नावं ठेवतो. हिच्यासारखी भाजी सात गावात होत नाही." इथे ते थांबले. मला वाटलं संपलं. पण त्यांचा आवाज उतरला होता. "मी दुपारपासून फाटकापाशी खुर्ची टाकून बसतो. पोट्टीले सांगतो का हवा खातो. कायची हवा? हिची वाट पाह्यतो. बदली झाल्यापासून अंधार पडेपर्यंत बसतो. खोली केली त मी कोनाची वाट पाहू, सांगा?"

मी ट्रॉलीच्या बाजूला तोंड करून उभी राहिले, कारण मला रडताना पाहिलं की नवरा हसतो, आणि त्या क्षणी तो हसला असता तर मी त्याला तिथेच सोडून आले असते. पण तो हसला नाही. तो डाल्यात तसाच उभा होता, लोखंडी दांडा घट्ट धरून.

मग मी पुन्हा स्टिअरिंगवर बसले. सावकाश, थोडं थोडं, चुकलं की पुढे घेऊन, पुन्हा मागे. कुणी घाई केली नाही. ट्रॉली एकदाची वळली, बांधाला घासून का होईना, पण वळली. बाबा येऊन माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "चला ताई, इसाराचे पैसे द्या अन् चहा घ्या. मघाचा घेतलाच नाही तुमी."

कागदपत्रं व्हायला थोडे दिवस गेले. गाडी घरी आणली त्या दिवशी सासऱ्यांनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि लगेच म्हणाले, लिंबाखाली उभी करू नका, पाखरं घाण करतात, रंग तसाही हलकाच आहे. पुन्हा पहिल्यासारखं सुरू. साखरखेर्ड्याच्या वाटेवर बोलले ते त्यांनी परत कधी काढलं नाही. मीही नाही. टाकी उन्हाळाभर ओढली, रोपं जगली, आणि ट्रॉली मागे घेण्यात आता मी नवऱ्यापेक्षा बरी आहे. हे तो कबूल करत नाही.

शाळेतल्या एका बाईंनी मध्यंतरी मला मोताळ्यातली चांगली खोली दाखवते म्हटलं. नळाला पाणी, खाली मालकीण एकटी, स्वभावाने प्रेमळ. मी म्हटलं, "बाई, खोली छान असन. पन मले घरी जायचं असते."

शाळा सुटली की मी निघते. घाट चढून बुलढाणा, मग धाडचा रस्ता, आणि गावाच्या वळणावर आलं की आमचं फाटक दिसतं. सासरे तिथे खुर्ची टाकून बसलेले असतात, रस्त्याकडे तोंड करून. आता ते हवा खातो म्हणत नाहीत. गाडी दिसली तरी उठत नाहीत, हात करत नाहीत. फक्त खुर्ची थोडी बाजूला ओढून घेतात, गाडी आत यावी म्हणून.